लाल मुनिया आणि सिंगल बेल

मोहनरावांना कुजबुजता येत नाही. प्रयत्न ते मनापासून करतात. आधी घसा साफ करतात, मग तोंडावर हात आडवा धरतात, आणि मग जे बाहेर येतं ते कालव्याच्या दोन्ही काठांना सारखंच ऐकू येतं. एका रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला असंच हळूच सांगितलं, "तारेवर वेडा राघू बसलाय. कुणी बोलू नका."

पलीकडच्या काठावर गव्हाला पाणी देणारा माणूस म्हणाला, "न्हाई बोलत."

वेडा राघू तोवर तारेवर राहिला नव्हता.

त्यात त्यांचा दोष नाही. त्यांची उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, तीही गेवराईहून खेड्यापाड्यांत जाणाऱ्या गाड्यांवर. इंजिनाची घरघर, पोत्यात बांधलेल्या कोंबड्या, लग्नाच्या वऱ्हाडातल्या बायकांची गाणी, या सगळ्यांवरून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज त्यांनी कमावला होता. निवृत्त होताना त्यांनी तिकिटांची पेटी जमा केली. आवाज जमा करून घ्यायची काही सोय नव्हती, तो घरी आला.

डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितलं आणि पुण्याच्या मुलानं आपला जुना कॅमेरा दिला, तेव्हा मोहनराव आमच्यात आले. आम्ही म्हणजे दर रविवारी कालव्याच्या कडेनं पाखरं बघत हिंडणारी दहा-बारा माणसं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी स्वप्नाली आमची पुढारी. पहिल्याच दिवशी मोहनरावांनी आम्हाला पुलाजवळ मोजलं, "मागं कुणी राहिलं का?" असं विचारलं आणि ठरल्या वेळेला सगळ्यांना पुढे काढलं. थोडं चालल्यावर लक्षात आलं की स्वप्नालीच मागे राहिली आहे. ती बुटाची नाडी बांधत होती.

"टाइम म्हणजे टाइम," मोहनराव म्हणाले. "गाडी कुणाच्या नाडीसाठी थांबत न्हाई."

फोटो मात्र त्यांना टायमावर मिळत नसत. त्यांच्या कॅमेऱ्यात फांद्या आहेत. बाभळीच्या, लिंबाच्या, बोरीच्या, आणि एक अतिशय सुरेख, किंचित हलणारी शेवग्याची. प्रत्येक फांदीवर क्षणापूर्वी कोण होतं हे त्यांना पक्कं आठवतं. मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा ते मला एकेक दाखवत होते. "हा खंड्या. ही सुगरण. हा बघ, शिंजीर, काय निळा होता."

त्यांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी, चहाचा कप ठेवत पडद्याकडे पाहिलं. "ह्यात पाखरू कुठंय?"

"आत्ताच होतं."

"फांदी चांगली आलीय," मुक्ताबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास गावच्या वाचनालयात आम्ही फोटोंचं प्रदर्शन लावतो. गेल्या वर्षी मोहनरावांनी तीच शेवग्याची फांदी दिली. स्वप्नालीला नाही म्हणवेना. तिनं खाली लिहिलं, ‘शिंजीर, उडाल्यानंतर’. बघायला आलेले एक गृहस्थ बराच वेळ त्या फोटोसमोर उभे राहिले आणि शेवग्याला या वर्षी शेंगा कशा आहेत म्हणून विचारून गेले. मोहनराव त्या दिवशी बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा फार ऐकू येतं.

यंदा स्वप्नालीनं नियम सांगितला की फोटोत पक्षी असावा. हा नियम कुणासाठी आहे ते सगळ्यांना कळलं, मोहनरावांना सगळ्यांत आधी. ते म्हणाले, "लाल मुनिया देतो."

लाल मुनिया अंगठ्याएवढी असते. पावसाळ्यापासून नराला रंग चढतो, गुंजेसारखा लाल, आणि त्यावर कुणी ओल्या बोटांनी रांगोळी शिंपडावी तसे पांढरे ठिपके. उन्हाळ्याकडे दिवस झुकले की तो लाल उतरत जातो आणि मग तीच पाखरं गवतात मातकट होऊन बसतात, ओळखूही येत नाहीत. म्हणजे संक्रांतीच्या आत काय ते व्हायला हवं होतं. शिवाय ती इतकी घाबरट की सावली पडली तरी थवा उडतो. आणि मोहनरावांची सावली पडायच्या आधी त्यांचा आवाज पडतो.

या अडचणीवर पहिला उपाय हबीबभाईंनी काढला. हबीबभाई म्हणजे मोहनरावांच्या गाडीचे चालक. वर्षानुवर्षं दोघांची एकाच गाडीवर जोडी होती, पण दोघांचं बोलणं सगळं घंटीतून. सिंगल दिली की थांबायचं, डबल दिली की निघायचं. एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी सगळी नोकरी काढली आणि त्यांच्यात कधी गैरसमज झाला नाही.

"मास्तर, तुमी बोलूच नका," हबीबभाई म्हणाले. एसटीत कंडक्टरला मास्तरच म्हणतात. "दोरी बांधू. मी पुढं, तुमी मागं. एक हिसका दिला की मी थांबतो, दोन दिले की निघतो. फोटो तुमी काढा."

पुढच्या रविवारी सुतळीचं एक टोक हबीबभाईंच्या मनगटाला आणि दुसरं मोहनरावांच्या, अशी ती वरात निघाली. आम्ही मागे राहिलो. खरं सांगायचं तर काम छान चाललं होतं. सकाळचं ऊन गवतावर नुकतं उतरलं होतं, लव्हाळ्याच्या तुऱ्यांवर दव होतं, आणि त्यात चार-पाच लाल ठिणग्या हलताना आम्हाला लांबून दिसत होत्या. मोहनरावांनी एक हिसका दिला. हबीबभाई थांबले. मोहनरावांनी कॅमेरा वर घेतला. त्यांच्या दोघांमध्ये एक म्हैस चरत होती. तिनं मान वर केली, आणि गळा खाजत असावा, सुतळीला गळा घासला. एकदा, मग परत एकदा.

हबीबभाईंनी डबल मिळाल्यावर मागे वळून पाहिल्याचं कुणाला आठवत नाही. ते निघाले. सरळ लव्हाळ्यात शिरले आणि पोटऱ्यांपर्यंत चिखलात जाऊन थांबले.

"कुठं चालला तुमी?" मोहनराव ओरडले.

"डबल मिळाली, निघालो."

"म्हशीनं दिली ती."

"मला काय माहीत? घंटी कुणी मारली हे डायवरनं बघायचं नसतं."

मोहनरावांच्या कॅमेऱ्यात त्या दिवशी हबीबभाईंची पाठ आली. स्पष्ट आली.

चिखलाचे पाय कालव्यात धुताना हबीबभाईंनी सहज म्हणून जे सांगितलं, त्यातून पुढचं सगळं घडलं. ते म्हणाले, "आत्ता उसाचा ट्रॅक्टर गेला बघा रस्त्यानं. एक पाखरू हललं न्हाई. माणसाला भेतात, गाडीला न्हाई. उमापूरच्या अलीकडच्या वळणाला, त्या छोट्या पुलापाशी, आपल्या गाडीतून मी ह्यांना दर हिवाळ्यात बघायचो. अगदी रस्त्याच्या कडंला, गवतावर."

मोहनराव त्यांच्याकडे बघतच राहिले. "आन मला सांगितलं कावून न्हाई?"

"कसं सांगणार? चालकाशी बोलू नये, असं डोक्यावर लिवलेलं होतं की."

तर बेत असा ठरला. मोहनरावांनी गेवराईहून उमापूरच्या गाडीत डाव्या खिडकीशी बसायचं. हबीबभाईंनी आधीच्या गाडीनं जाऊन वळणावर, पाखरांपासून जरा अंतर ठेवून, उभं राहायचं. गाडी आली की हात दाखवायचा. खेड्यांच्या गाड्यांवर ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ अशी पाटी असतेच. गाडी थांबली की हबीबभाईंनी गुडघा धरून अगदी सावकाश चढायचं, आणि तेवढ्यात मोहनरावांनी फोटो काढायचा.

बेतात एकच अडचण होती आणि ती मोहनरावांनी स्वतः तयार केलेली होती. त्या गाडीवर कंडक्टर होती ऋतुजा. ती नवी लागली तेव्हा तिला काम शिकवायला मोहनरावांकडेच दिलं होतं, आणि त्यांनी तिला आपलं सगळं शास्त्र शिकवलं होतं. ती पाटी मोहनरावांनी कधी मनापासून मानली नव्हती. थांबा तो थांबा, मधे हात दाखवणारा माणूस म्हणजे आळशी माणूस, असं त्यांचं मत. वरून हुकूम आहे म्हणून गाडी थांबवायची, पण चढणाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. पाय पायरीवर पडला की डबल.

या शास्त्राचा तडाखा घरालाही बसला होता. लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा मुक्ताबाई माहेराहून परत येत होत्या आणि नेमकी मोहनरावांची गाडी आली. त्यांच्याजवळ दोन पिशव्या. एक त्यांनी गाडीत ठेवली आणि दुसरी आणायला झाडाखाली गेल्या. मोहनरावांनी घड्याळ पाहिलं आणि डबल दिली. मुक्ताबाई एका पिशवीसह रस्त्यावर राहिल्या. दुसरी पिशवी मोहनरावांनी संध्याकाळी बेवारस सामान म्हणून रीतसर जमा केली. तिच्यात त्यांच्याच सासूबाईंनी दिलेल्या करंज्या होत्या.

मुक्ताबाई त्यानंतर त्यांच्या गाडीत कधी बसल्या नाहीत. काळीपिवळी जीपनं जायच्या, दाटीवाटीनं, पण जीपनं. ही गोष्ट त्या भांडून सांगत नाहीत. भाजी निवडता निवडता सांगतात, आणि मोहनराव तेव्हा पेपर वाचत असतात.

ठरल्या दिवशी मीही त्याच गाडीत होते, उमापूरला मावशीकडे हुरड्याला निघाले होते. मोहनराव पुढच्या दारामागच्या दुसऱ्या बाकावर खिडकीशी, गळ्यात कॅमेरा. शेजारी मुक्ताबाई, मांडीवर प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली हिरवी पिशवी. "ह्यांच्या गाडीत न्हाई बसले मी," त्या मला आपणहून म्हणाल्या. "ही ऋतुजाची गाडी हाय. उमापूरला बहिणीकडं चाललेय."

ऋतुजा तिकिटाचं मशीन घेऊन आली. "काका, आज पाखरं का?"

"आज एकच," मोहनराव हळूच म्हणाले. चालकानं आरशातून मागे पाहिलं.

वळण आलं. छोट्या पुलाच्या कठड्याजवळ हबीबभाई उभे होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हात वर करून. आणि त्यांच्या जरा पुढे, रस्त्याच्या डाव्या कडेनं लांबवर वाकलेल्या गवतावर, ती होती. आठ-दहा तरी, अंतराअंतरानं बसलेली. पिकलेल्या गवताच्या पिवळ्यावर लाल रंग असा दिसत होता की गाडीतल्या मळक्या काचेतूनही कळावा.

गाडी थांबली. मोहनरावांनी काच सरकवली. काच सरकली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. हबीबभाईंनी गुडघा धरला, ठरल्याप्रमाणे कण्हले, पायरीवर एक पाय ठेवला, आणि मग त्यांना गाडीचं इंजिन ऐकू आलं. उभ्या गाडीचं इंजिन फुकट जळताना त्यांना कधी सोसलं नाही. ते तरुण माणसासारखे दोन पायऱ्या चढून आत आले.

ऋतुजानं डबल दिली.

काच उघडली तेव्हा बाहेर नुसतं गवत सरकत होतं. मोहनरावांचं बोट सवयीनं दाबलं गेलं. अजून एक फांदी.

"पोरी, जरा थांबवती का?" मोहनराव म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघताना त्यांनाच नवीन वाटलं असावं, कारण शेवटी ते जरा अडखळले.

"इथं थांबा न्हाई, काका. तुमीच शिकवलंय."

"ते खरंय," मोहनराव म्हणाले, आणि कॅमेरा मांडीवर ठेवला.

तेव्हा मुक्ताबाई उठल्या. "ऋतुजा, मला उतरायचंय."

"मावशी, तुमचं तिकीट उमापूरचं हाय."

"पैसे भरलेत ना? अलीकडं उतरते. तुझा फायदाच हाय."

शास्त्र सगळं चढणाऱ्यांसाठी होतं. उतरणाऱ्या माणसाला उतरू द्यावंच लागतं. ऋतुजानं सिंगल दिली, गाडी कडेला घेऊन थांबली. थव्यातली शेवटची तीन-चार पाखरं बरोबर मोहनरावांच्या खिडकीसमोर आली.

मग मुक्ताबाई उतरू लागल्या. त्यांनी आधी पदर नीट केला. बाकाखाली चप्पल शोधली, एक सापडली, दुसरीसाठी मागच्या बाकावरच्या आजोबांना पाय उचलायला सांगितलं. दारापर्यंत गेल्या आणि पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आल्या. पुन्हा गेल्या. पायरीवर बसकण मारल्यासारख्या वाकल्या, दांडा धरला, हिरवी पिशवी दाराबाहेर धरली आणि ती घ्यायला बाहेर कुणी नाही हे त्यांना आत्ताच कळल्यासारखं तिच्याकडे बघत राहिल्या.

गाडीतली माणसं चुळबुळायला लागली. ऋतुजाचा हात दोरीवर होता. मी मोहनरावांकडे पाहिलं. त्यांची मान ताठ झाली होती आणि तोंड उघडलं होतं. "चला, उतरा लवकर" हे शब्द त्यांच्या घशापर्यंत आलेले मला दिसले. ती उभ्या आयुष्याची सवय होती, बायको असो की कोणी. बाहेर सात-आठ हातांवर लाल मुनिया गवताच्या तुऱ्यावर झुलत होती. मोहनरावांनी तोंड मिटलं. कॅमेरा वर घेतला. खिडकीच्या गजाला टेकवला नाही, स्वतःही कशाला टेकले नाहीत. चालत्या गाडीत दोन्ही हातांनी तिकिटं फाडणारा माणूस तो, नुसते पाय फाकवून अर्धवट उभे राहिले. हबीबभाईंनी मागच्या माणसांना बोटानं गप्प केलं. कुणाची तरी शिंक मधेच थांबली.

क्लिक.

मुक्ताबाईंचा पाय खाली रस्त्यावर टेकला आणि थवा उडाला, एखादी लाल चिमूट वाऱ्यावर सोडावी तसा. ऋतुजानं डबल दिली. गाडी निघाली.

मोहनरावांनी कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ नेला. मग लांब नेला. मग परत जवळ. गाडीनं वळण संपवलं, उसाचा फड सुरू झाला, तरी ते पडद्यातच होते. शेवटी हबीबभाई पुढे वाकले.

"मास्तर. भाभी?"

मोहनरावांनी शेजारच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं. मग मागच्या काचेकडे. काचेतून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावर, खूप लांब, हिरवी पिशवी.

ते उठले. कशालाही न धरता दोरीपर्यंत गेले, आणि तिथे त्यांचा हात क्षणभर हवेतच राहिला. आजवर रस्त्यात मागे राहिलेल्या सगळ्या माणसांची, करंज्यांची, घड्याळाची, कशाकशाची आठवण त्यांना झाली असेल कुणास ठाऊक. मग त्यांनी दोरी ओढली. सिंगल.

"काका, हे काय?" ऋतुजा म्हणाली. "इथं थांबा न्हाई."

मोहनराव काहीतरी म्हणाले. इतक्या हळू, की मागोमाग उठून आलेल्या हबीबभाईंनाही ते कळलं नाही.

"काय म्हणलात? मोठ्यानं सांगा," ऋतुजा म्हणाली.

"माझी बायको खाली राहिलीय," मोहनराव म्हणाले. हे मात्र उसाच्या फडातल्या तोडकऱ्यांनाही गेलं असावं, कारण दोघेतिघे कोयते थांबवून बघायला लागले.

गाडीतली माणसं हसत होती तोवर ते उतरून चालू लागले. ऋतुजानं गाडी थांबवून धरली. एका माणसानं घड्याळाकडे बोट दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "शिकवणाऱ्याचीच बायको हाय. आता काय करू?"

दोघं परत येताना आम्ही सगळे मागच्या काचेतून बघत होतो. मुक्ताबाई आपल्या चालीनं येत होत्या, त्या चालीत घाईचा लवलेश नव्हता. पिशवी मोहनरावांच्या हातात होती. मधे एकदा मुक्ताबाई थांबल्या आणि चपलेतला खडा काढला. मोहनरावही थांबले. ते लांबून गाडीकडे बघून हात दाखवत होते.

चढताना त्यांनी पिशवी आधी आत ठेवली, मग मुक्ताबाईंना वर घेतलं, मग स्वतः चढले. मुक्ताबाई बाकावर टेकून पदर सावरेपर्यंत ते उभे राहिले. ऋतुजानं दोरीवरचा हात काढला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी अजून एकदा बायकोकडे नजर टाकली आणि डबल दिली.

"आला का?" मुक्ताबाईंनी विचारलं. "मला कुठं उतरायचं होतं. गुडघ्यांचं पार भुस्काट झालं."

मोहनरावांनी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो जवळ घेतला, डोळे बारीक केले.

"आत्ताच होतं," मोहनराव सवयीनं म्हणाले.

"आता बी हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "बघा की."

तो फोटो यंदा वाचनालयात दारासमोरच्या भिंतीवर लागला. लाल मुनिया मधोमध आहे, इतकी स्पष्ट की पांढरे ठिपके मोजावेत, आणि गवताचा तुरा तिच्या वजनानं जेमतेम वाकलेला. उजव्या कोपऱ्यात मात्र हिरवं काहीतरी घुसलेलं आहे, पट्ट्यापट्ट्यांचं, धूसर. स्वप्नाली म्हणाली की ते कापून टाकलं तर फोटो अजून छान दिसेल, दोन मिनिटांचं काम आहे.

मोहनरावांनी घसा साफ केला, तोंडावर हात आडवा धरला, आणि वाचनालयात पेपर वाचत बसलेल्या सगळ्यांनी मान वर करून ऐकलं.

"राहू दे. पिशवी आमचीच हाय. बेवारस न्हाई."